बारावा फोन

"म्हणजे मी ते लपवून ठेवायला हवं होतं, असंच ना बाबा?"

केतकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. अचलमुनीबाबांनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही.

ते मठाच्या पडवीत बसून पोथ्यांना ऊन दाखवत होते. पाऊस सरला की दरवर्षी आश्विनात हे काम निघायचं. फडकं सोडायचं, जुना कडुनिंबाचा पाला झटकायचा, नवा घालायचा, पान उलटून कसर लागली आहे का ते पाहायचं. हात घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते.

मठ पूर्णेच्या काठी, महानुभाव पंथाचा. पुढे बाबांची पडवी, मागे तपस्विनींच्या खोल्या. केतकी बाभुळकरच्या आजोळी तीन पिढ्या या मठाला मानत आल्या, म्हणून ती इथे परकरात असल्यापासून यायची. मधली नऊ वर्षं तेवढी आली नाही. ती जर्मनीत होती. तिथे शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि एक दिवस सगळं गुंडाळून परत आली.

परत आली ती एक वेड घेऊन. आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, पण तो फोन हुकूम पाळतो दुसऱ्याच कुणाचा, हे तिला सहन होत नव्हतं. सहा मित्रांना जमवून तिनं फोनची सगळी प्रणाली नव्यानं लिहिली. फोनला घर म्हटलं तर प्रणाली म्हणजे त्याचा पाया, भिंती, दारं आणि कड्या. तिचं नाव ठेवलं 'अंगण'. आणि लिहिलेली ओळन् ओळ जगासमोर मांडून ठेवली. कुणीही वाचावी, कुणीही बदलावी, कुणीही फुकट न्यावी.

"झाकलेलं असतं ते नासतं," हे तिचं पालुपद. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत बसून तिनं ते बाबांनाही ऐकवलं होतं. पंथानं आपले ग्रंथ शेकडो वर्षं सांकेतिक लिप्यांत कोंडून ठेवले, हा केवढा अपराध, असंही म्हणाली होती. बाबा हसले होते. त्या दिवशी तिनं मठातल्या बायांना अंगण चालणारे तेरा फोन आपल्या हातानं वाटले होते. एका कंपनीनं प्रणाली फुकट उचलून स्वस्तातले फोन काढले होते, त्यातलेच ते. देशभर असे सात लाख फोन खपले.

त्या तेरांतला एक वच्छलाचा होता.

वच्छला तपस्विनी नव्हती. नवऱ्याच्या माराला कंटाळून आली आणि इथे राहिली. भाकऱ्या थापायची, झाडलोट करायची. ती कुठे आहे हे माहेरालासुद्धा ठाऊक नव्हतं; नंबर तेवढा तिनं जुनाच ठेवला होता.

या जूनमध्ये कुणा परदेशी विद्यार्थ्यानं अंगणातली एक फट शोधून केतकीला कळवली. एका ठरावीक तऱ्हेचा संदेश धाडला, की फोन मालकाच्या नकळत आपला ठावठिकाणा सांगून टाकायचा. केतकीनं दोन दिवस पाठ टेकली नाही. फट बुजवली आणि दुरुस्ती जगासमोर ठेवली. फट कुठे होती, तीतून काय होत होतं, हेही रीतीप्रमाणे प्रामाणिकपणे लिहिलं.

फोन विकणाऱ्या कंपनीनं ती दुरुस्ती फोनांपर्यंत पोचवलीच नाही. ते मॉडेल बंद झालं होतं. त्यांचं लक्ष नव्या मालाकडे.

पण दुसऱ्या कुणीतरी केतकीचं टिपण नीट वाचलं. त्यावरून एक छोटं ॲप बनवलं आणि विकायला काढलं. नाव दिलं, 'बायको शोधा'.

ऑगस्टात एका सकाळी वच्छला पांदणीतून सरपण आणायला गेली. नवरा बाभळीआड बसला होता. त्याच्याजवळ कुऱ्हाड होती. पोलिसांनी त्याचा फोन उघडला तेव्हा पडद्यावर वच्छलाचा ठिपका तसाच होता, दहा पावलांच्या अंदाजानं.

या गोष्टीला सात आठवडे झाले होते.

"बाबा, काहीतरी बोला. मला सहा वाजता मत द्यायचंय."

मत असं होतं. एका मोठ्या कंपनीनं अंगण विकत न घेता सांभाळायला मागितलं होतं. ती म्हणत होती, आमच्या हाती द्या, आम्ही कुलूप लावतो. यापुढे ओळी कुणाला दिसणार नाहीत, फटी कुणाला कळणार नाहीत, आणि फोन विकणाऱ्या कंपनीशी आम्ही बोललोय, दुरुस्ती मात्र एका रात्रीत सातही लाख फोनांत जाऊन बसेल. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट पाहायला नको.

सहा मित्रांपैकी तिघांचं म्हणणं, ताबडतोब देऊन टाका, आणखी किती वच्छला मारायच्या आहेत? तिघांचं म्हणणं, एकदा कुलूप लागलं की आत ते काय करतात हे कुणाच्या बापाला कळणार नाही. आज दुरुस्ती रात्रीत येईल, उद्या आणखी काहीही रात्रीत येईल. भांडणं हमरीतुमरीवर आली होती. जुने मित्र एकमेकांना खुनी म्हणत होते. सातवं मत केतकीचं.

आणि केतकीला वाटत होतं, बाबांनी नुसतं 'झाक' म्हणावं. म्हणजे ती सुटेल.

बाबांनी मांडीवरची पोथी बाजूला ठेवली. ढिगातून एक लहानशी, लाल फडक्यातली काढली. सोडली आणि तिच्यासमोर सरकवली.

"वाच."

अक्षरं देवनागरी नव्हती. पंथाच्या ज्या सांकेतिक लिप्या केतकीनं चाळल्या होत्या, त्यांतलीही ही नव्हती. तिला बरं वाटलं. हे तिच्या हातचं काम. तिनं कागद-पेन्सिल घेतली, कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं, जोड्या लावल्या, खोडल्या, पुन्हा लावल्या. बाबा पाला बदलत राहिले. ऊन पडवीच्या दुसऱ्या खांबापर्यंत आलं.

"किल्लीशिवाय होणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मजकूर फार थोडा आहे."

"किल्ली नाही."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्यांच्या गुरूंचे गुरू. ग्रंथ भलत्याच्या हाती पडून त्याची विटंबना होईल या धाकानं त्यांनी स्वतःची लिपी केली आणि एकाच शिष्याला शिकवली. पटकीच्या साथीत गुरू सोमवारी गेले, शिष्य गुरुवारी. पोथीचं एकही पान फाटलं नाही, पण वाचणारा कुणी उरला नाही.

"काय आहे हिच्यात?"

"ठाऊक नाही."

"मग ठेवलीत कशाला?"

"रोज सकाळी दंडवत घालतो."

केतकीच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. ती सरसावून बसली. हेच तर ती सांगत होती. झाकलं ते मेलं. आत अमृत असो की भुसा, कुणाच्या कामाचं नाही. तिनं भराभर तिकडची उदाहरणं दिली. बंद प्रणाल्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या फटी, ज्या फक्त चोरांना ठाऊक होत्या. म्हणजे मत उघड्यालाच. म्हणजे तिचं चुकलं नव्हतं.

बाबांनी ऐकून घेतलं. लाल पोथी बांधली. दुसरी काढली, जाडजूड, कडा काळ्या पडलेली.

ही साध्या अक्षरात होती. औषधांची. कुठल्या दुखण्यावर कुठली मुळी, किती, कशात उगाळून. मठाचा रिवाज असा, की मागेल त्याला ही उतरवून न्यायची मुभा. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. बसा, लिहा, न्या.

केतकीनं पान उलटलं आणि ती हरखली. "बाबा, हे तर आमचंच काम. तुम्ही आमच्या आधीपासून करताय."

"शेवटचं पान बघ."

शेवटच्या पानावर लेखकाची ती नेहमीची ओळ होती, जुन्या पोथ्यांच्या अखेरीस असते तशी. जसं पाहिलं तसं उतरवलं. चूक असल्यास मला दोष देऊ नये. ती ओळ वेगळ्या शाईनं आडवी खोडलेली होती. खाली एकोणीस गावांची नावं. पंधरा नावांपुढे एकेक बारीक फुली.

"ही ओळ कुणी खोडली?"

"माझ्या गुरूंनी."

"का?"

बाबांनी फडक्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली...

"बचनाग ठाऊक आहे?"

"विषारी असतो."

"शुद्ध करून एक गुंज दिला तर ताप उतरतो. इथून कुणी वही उतरवून नेली. तिच्यावरून दुसऱ्यानं, त्याच्यावरून तिसऱ्यानं. कुठंतरी एका गुंजेच्या आठ गुंजा झाल्या. एका घरात तीन लेकरं, एका संध्याकाळी."

केतकीनं पानावरचं बोट उचललं.

"इथल्या वहीत चूक नव्हती," बाबा म्हणाले. "आजही नाही. बघ."

तिनं पाहिलं नाही.

"तुमच्यात असते का अशी ओळ?"

असते. ती तिनं स्वतः लिहिली होती. म्हणजे जगभर सगळे लिहितात ती घेऊन तळाशी चिकटवली होती. प्रणाली आहे तशी देत आहोत, तिच्या वापरातून झालेल्या कोणत्याही हानीला आम्ही जबाबदार नाही. तिनं ती म्हणून दाखवली. म्हणताना आवाज खाली गेला. मग लगेच वर चढला.

"पण ती लिहावीच लागते, बाबा. ती नसेल तर कुणी कुणाला काही देणारच नाही. फुकट द्यायचं आणि वर फासावरही जायचं? अशानं तुमचीही वही कुणी उतरवू दिली नसती."

"खरं आहे."

"मग गुरूंनी खोडली ते चुकलं?"

"फुल्या मोज."

"पंधरा."

"त्या गावांत ते चालत गेले. ज्याच्या घरी वही असेल त्याच्या ओट्यावर बसले, स्वतःच्या हातानं मात्रा दुरुस्त केली. दोन ठिकाणी मार खाल्ला. अकरा वर्षं लागली."

"आणि ही चार गावं?"

"गुरू वारले."

"मग पुढे कोण गेलं?"

बाबांनी पडवीभर मांडलेल्या पोथ्यांकडे पाहिलं.

"मी पोथ्यांना ऊन दाखवतो," ते म्हणाले.

मागच्या अंगाला कुणीतरी भांडी घासत होतं...

केतकीला एकाएकी राग आला. बाबांचा, त्या मेलेल्या गुरूंचा, सगळ्याचा. झाकलं तर पोथी मरते आणि उघडलं तर लेकरं मरतात, हे ऐकायला ती दीडशे किलोमीटर आली नव्हती. हे तर तिलाही ठाऊक होतं. ती उभी राहिली आणि बोलत सुटली. तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? फट कळल्यापासून दुसऱ्या दिवशी दुरुस्ती तयार होती. मोठमोठ्या कंपन्या तीन-तीन महिने लावतात. तिनं ती कपाटात ठेवली नाही, विकली नाही, जगाच्या चव्हाट्यावर ठेवली. ज्याला हवी त्यानं घ्यावी. फोनवाल्यांनी घेतली नाही, तो त्यांचा गुन्हा.

"मी दुरुस्ती दिली होती, बाबा. सगळ्या जगाला दिली होती."

बाबांनी मान वळवून हाक मारली, "शेवंता, तुझा फोन आण गं जरा."

शेवंताबाई सगळ्या तपस्विनींत थोरल्या. सत्तरी ओलांडलेली, जीभ मात्र विशीतली. हात पदराला पुसत आल्या, कनवटीचा फोन काढला आणि केतकीपुढे धरला.

"ह्याच्यात आली का बघ," बाबा म्हणाले.

"काय?"

"जगाला दिलीस ती."

केतकीनं फोन घेतला. सेटिंगमध्ये शेवटच्या दुरुस्तीची नोंद उघडली. तारीख पाहिली. खाली गेली, वर आली, पुन्हा तारीख पाहिली.

मे महिन्याची होती.

"काहून, बिघडला का?" शेवंताबाईंनी विचारलं. "तूच तं म्हणाली होतीस. वच्छलाच्या दुखवट्याला आली तवा. म्हणे बाई, ते जे काय होतं ते दुरुस्त झालंय, आता भ्यायचं कारण नाही. म्हणून तं ठेवले आम्ही. नाही तं मी ह्या बायांना म्हणत होते, फेका ते डबडे पूर्णेत."

केतकी खाली बसली.

ती म्हणाली होती. अगदी हेच शब्द. आणि त्या वेळी तिच्या मनात खोटं नव्हतं. तिच्या जगात दुरुस्ती मांडून ठेवली म्हणजे ती झाली. ती स्वतः, तिचे सहा मित्र, तिकडचे सगळे, याच रीतीनं वाढले होते. मांडलेलं पोचतंच, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. वच्छला गेल्यापासून ती या मठात तीनदा येऊन गेली. तीनदा याच बायांच्या हातची भाकरी खाल्ली. खांद्यावरच्या पिशवीत दर वेळी लॅपटॉप होता, केबल होती. एका फोनला पाच मिनिटंही लागली नसती.

आणि ते ॲप आजही विकलं जात होतं.

"किती फोन आहेत इथे?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. तेरा तिनंच दिले होते, एक पोलिसांकडे होता.

"बारा," शेवंताबाई म्हणाल्या.

तिनं पोथ्यांशेजारीच लॅपटॉप उघडला. बायका एकेक करून येऊन बसल्या. कुणाच्या फोनची काच तडकलेली, कुणाच्यात नातवाचा फोटो, कुणाच्यात दिवसभराची प्रवचनं. केबल लावायची, दुरुस्ती आत घालायची, फोन बंद करून चालू करायचा, तारीख पाहायची. एकीनं विचारलं, आमची प्रवचनं तं नाही ना जाणार? दुसरी म्हणाली, गेली तं जाऊ दे, तुले कुठं कळतात. कुणी हसलं. शेवंताबाई रांगेवर नजर ठेवून होत्या आणि दर फोनमागे एक टोमणा मारत होत्या. वच्छलाचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

एकीनं केतकीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती प्याली नाही. मान वर करून त्यांच्याकडे पाहायचं धाडस होत नव्हतं.

नऊ. दहा. अकरा.

"बारावा?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"पंचफुलाकडं आहे," शेवंताबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला टोमणा गेला. "भिक्षेला गेली पहाटे. एकटीच."

पंचफुलाला केतकी ओळखत होती. विधवा, चाळिशीची. तिच्या नावावर सात एकर आणि दिराला तिच्या अंगठ्याची घाई. दिरानं एकदा विहिरीवर गाठून सांगितलं होतं, अंगठा जिवंत माणसाचाच लागतो असं काही नाही. त्या रात्रीच ती इथे आली आणि पुढे दीक्षा घेऊन राहिली. फोन हातात घेतला तेव्हा किती जपून घेतला होता. दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा.

"कुठल्या गावाला गेली?"

कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. भिक्षेचं गाव आधी सांगून जायचं नाही, असा इथला नियम. फोन लावला. वाजत राहिला. झोळीत खोल असणार.

"थांबा," केतकी म्हणाली.

तिची बोटं आपोआप चालली. तो ठरावीक संदेश तिला पाठ होता. ती फट तिनंच बुजवली होती, म्हणजे ती उघडायची कशी हेही तिला सगळ्यांत नीट येत होतं. पंचफुलाचा नंबर टाकला. नकाशा उघडला. क्षणभर काही झालं नाही...

मग निळा ठिपका उमटला. हळूहळू सरकू लागला.

"सापडली," केतकीनं सुटकेचा श्वास टाकला. "हे बघा, पुलापलीकडे. चालतेय. चांगली आहे."

बायका पडद्यावर झुकल्या. एकीनं हात जोडले.

बाबा झुकले नाहीत. ते केतकीकडे बघत होते.

"तिला विचारलंस?" ते म्हणाले.

केतकीला प्रश्न कळायला वेळ लागला. मग तिनं पडद्याकडे पाहिलं. वच्छलाच्या नवऱ्यानं पाहिला होता तोच नकाशा. तसाच ठिपका. तसाच सरकणारा. त्यानंही असाच सुटकेचा श्वास टाकला असेल का?

झुकलेल्या बायका मागे सरल्या. शेवंताबाईंनी आपला नुकता दुरुस्त झालेला फोन उचलला, पाहिला आणि ओट्याच्या कडेला, अंगापासून लांब ठेवून दिला.

केतकीनं लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. ओजस. सहा जणांतला सगळ्यांत जुना मित्र, कुलूप लावा म्हणणाऱ्यांतला. सहा वाजायला अजून अवकाश होता, पण बाकीचे सगळे आले होते. कंपनीची माणसं समोर बसली होती. कागद तयार होते.

तो थकल्या आवाजात म्हणाला, की तिनं त्याला तत्त्वज्ञान सांगू नये, नुसतं हो की नाही एवढं सांगावं. एका रात्रीत सात लाख फोन सुरक्षित होतील. एका रात्रीत. तिला आणखी काय हवंय?

"त्यांना ठिपके दिसतील ना?" केतकीनं विचारलं.

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. सात लाख."

"ते बघणार नाहीत. करारात आहे तसं."

"आत्ता मी बघितला, ओजस. चांगल्यासाठीच बघितला. मला कळलंसुद्धा नाही."

"काय बोलतेयस?"

"माझं मत, नाही. उघडंच राहू दे."

पलीकडे कुणीतरी टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. ओजस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी सावकाश म्हणाला, "पुढची बाई मेली की तिचं नाव मी तुला कळवत जाईन."

"कळव."

"आणि दुरुस्तीचं काय? फोनात कशी जाणार ती?"

"इथे बारा फोन होते. अकरा झाले. बारावा पंचफुलाबाईंकडे आहे. तो करून येते."

"कोण पंचफुलाबाई?"

केतकीनं फोन ठेवला. ओजसनं पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. तो वाजायचा थांबला तेव्हा पडवीत एकदम शांत झालं.

तिनं लॅपटॉप पिशवीत घातला. केबल गुंडाळली. पायात चपला सरकवल्या. मग तशीच ओट्याच्या पायरीवर थांबली. पुढे पाऊल टाकेना.

बाबा पोथ्या आवरत होते. काळ्या कडांची वही अजून उघडीच होती. तिच्यावरचं ऊन सरकून गेलं होतं.

"बाबा."

त्यांनी वर पाहिलं.

"सात लाख आहेत." ती म्हणाली. "कुणाकुणाकडे आहेत, हेसुद्धा मला माहीत नाही. एकेकीच्या दारात जायचं म्हटलं तर हा जन्म पुरणार नाही."

बाबांनी उघड्या वहीवर नवा पाला ठेवला.

"नाही पुरायचा," ते म्हणाले. "पंचफुला पुलावरून डावीकडं वळते. तिकडं तिला ताक मिळतं."